मार्गदर्शिकेतली एकमेव चूक

लहान मुलं असलेल्या कुटुंबांना साहाय्यक संस्थांची जेवढी गरज असते, त्याहून कितीतरी जास्त गरज साहाय्यक संस्थांना लहान मुलं असलेल्या कुटुंबांची असते. सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर मी हे जबाबदारीने लिहीत आहे. कुटुंबं नसती तर आमच्या तीन मजली केंद्राचं काय झालं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही. सुदैवाने लोकांना मुलं होत राहतात, ती रडत राहतात आणि आमचं काम चालू राहतं.

मी या साहाय्य केंद्रात माहिती-लेखनिक होतो. आम्ही एकूण त्रेचाळीस माणसं. इमारत प्रशस्त, जिना रुंद, भिंतीभिंतीवर हसऱ्या बाळांचे मोठाले फोटो. (प्रत्यक्ष बाळांना इमारतीत प्रवेश नव्हता. त्यांच्या आवाजाने त्यांच्याविषयीच्या कामात व्यत्यय येतो.) अर्ज करायला आई-वडील दोघांनी मिळून, मुलांना कुणाकडे तरी सोपवून यायचं. ज्यांना मुलं सोपवायला कुणीच नाही, अशांसाठी सवलतीचा वेगळा अर्ज होता. तो न्यायलाही दोघांनी मिळून, मुलांना कुणाकडे तरी सोपवून यायचं. आठ वर्षांत सवलतीचा एकही अर्ज कुणी नेला नाही. त्यावरून अशी अडचण कुणालाच नाही, हे आकडेवारीने सिद्ध झालं होतं.

माझं जीवनकार्य म्हणजे केंद्राची मार्गदर्शिका. दोनशे चौऱ्याऐंशी पानं, पुठ्ठ्याची बांधणी, तीनशे बारा सेवा, प्रत्येकीचा फोन नंबर. या तीनशे बारांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव सेवा इतर सेवांची माहिती देत. सत्तावन्न सेवा माहिती देणाऱ्यांना प्रशिक्षण देत. चौतीस सेवा कुटुंबांच्या गरजांची पाहणी करत आणि गरजा आहेत असा निष्कर्ष काढत. बावीस सेवा वर्षातून एकदा परिषद भरवत आणि एकमेकींना मानचिन्हं देत. राहिली एक. तीनशे बारावी. तिच्यासमोर मी लिहिलं होतं : 'दिवसभर मूल सांभाळणे (प्रत्यक्ष)'.

ही सेवा कोण देतं, हे मला नक्की ठाऊक नव्हतं. पूर्वी कुठेतरी एक पाळणाघर होतं, ते बंद पडलं असावं. पण प्रत्यक्ष सेवेचं सदर अगदीच रिकामं दिसणं बरं नव्हे, म्हणून नोंद ठेवली आणि खरा नंबर मिळेपर्यंत नमुन्यादाखल मी तिथे माझ्या घरचा नंबर टाकून ठेवला. मुद्रितं तपासताना बदलायचा होता. मुद्रितं आली त्या दिवशी 'पालकांचा वेळ कसा वाचेल' या विषयावर नऊ तासांचं चर्चासत्र होतं. तो नंबर तसाच राहिला आणि नऊ हजार प्रती छापून झाल्या.

आता बसवालीविषयी. ती शहर बससेवेत चालक होती, चौदा नंबरचा मार्ग. दहा महिन्यांपूर्वी तिला जुळी झाली होती. रजा संपत आली होती, सोमवारी सकाळी साडेसहाला गाडीवर हजर झाली नाही तर मार्ग दुसऱ्याला जाणार होता आणि तिला कार्यशाळेत टायरांच्या नोंदी ठेवायला बसवणार होते. टायरांबद्दल तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण तिला ते फिरताना आवडत. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, पहाटेच कुठल्यातरी इमारतीच्या पोटात शिरायचा. सासूबाई परगावी, खुबा मोडून पलंगावर. तिची आई नव्हती. शेजारीण म्हणाली होती, एक असतं तर बघितलं असतं.

बसवालीने मार्गदर्शिका मिळवली आणि पहिल्या नोंदीपासून फोन करायला सुरुवात केली. कुणी शहाणा माणूस असा क्रमाने फोन करत नाही, पण तिला सगळे थांबे घेत जायची सवय. अकरा दिवसांत तिने तीनशे अकरा फोन केले. सतरा क्रमांकाने तिला पंचेचाळीसकडे पाठवलं, पंचेचाळीसने सतराकडे. अठ्ठ्याऐंशीने तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. (घेतला. सोडलाही.) एकशे चाळीसने तिच्या घरी दोन तरुण पाठवले, त्यांनी जुळ्यांकडे बघून 'मुले : दोन' असं लिहून नेलं. दोनशे तीनने तिला परिषदेत बोलायला बोलावलं : मदत न मिळालेली माता म्हणून, वीस मिनिटं, मुलांना घरी ठेवून. प्रत्येक ठिकाणी तिचं नाव लिहून घेतलं गेलं आणि त्या महिन्यात केंद्राने तीनशे अकरा कुटुंबांपर्यंत पोहोचल्याचं जाहीर केलं. केंद्राच्या इतिहासातला तो उच्चांक होता. आम्ही पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण केंद्राच्या मोठ्या साहेबांचे दात दुखत होते.

शुक्रवारी सकाळी तिने शेवटचा नंबर लावला. फोन माझ्या पत्नीने उचलला.

माझी पत्नी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. निवृत्तीनंतर आमच्या घरी फोन फारसा वाजत नसे. दोन्ही मुलगे दूरदेशी, ते रविवारी करत. त्यामुळे शुक्रवारी वाजलेल्या फोनकडे ती जरा आनंदानेच गेली असावी.

"बोला," ही म्हणाली.

बसवालीचं वाक्य एव्हाना घासून घासून गुळगुळीत झालं होतं. "जुळी आहेत, दहा महिन्यांची, सकाळी सहा ते दुपारी अडीच, सोमवारपासून. नाही म्हणायचं असेल तर पटकन म्हणा, माझं दूध उतू जातंय."

"दूध आधी बंद करा," ही म्हणाली. "आणि सोमवारी सहाला पाच कमी असताना आणा."

पलीकडे फोन ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. हिला वाटलं लाइन गेली. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि बसवालीने पत्ता विचारला.

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी मी दाढीचा साबण लावून बाहेर आलो, तर माझ्या खुर्चीत दोन परकी बाळं बसलेली होती आणि दोघंही माझ्याकडे तपासणी अधिकाऱ्यासारखी बघत होती. मी विचारलं, ही कोणाची. ही म्हणाली, तीनशे बाराची. मी मार्गदर्शिका उघडली, पान काढलं आणि माझे डोळे पांढरे झाले. सव्वीस वर्षांत माझ्या मार्गदर्शिकेमुळे कुणाला तरी मदत झाल्याचा हा पहिलाच प्रकार होता.

मी हिला शांतपणे समजावलं की ही छपाईची चूक आहे आणि अशा वेळी सरळ राँग नंबर म्हणून फोन ठेवायचा असतो.

"एकतीस वर्षांत मी कुणाला राँग नंबर म्हटलं नाही," ही म्हणाली. "लागला म्हणजे लागला. तोंडाचा साबण पुसा, बाळ घाबरतंय."

जुळ्यांना त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेली नावं होती, पण हिने पहिल्याच तासात एक्स्चेंजमधल्या गावातल्या आणि परगावच्या कॉलांवरून त्यांची नावं लोकल आणि ट्रंक अशी ठेवली. लोकलला भूक लागली की तो लगेच वाजायचा. ट्रंक आधी तीन-चार मिनिटं विचार करायचा, मग जो आवाज यायचा तो परगावी ऐकू जावा असा.

चूक एवढ्यावर थांबली असती तर मी ती पचवली असती. पण बसवालीने ही बातमी डेपोत सांगितली. डेपोत चालक होते, वाहक होत्या, आणि चालक-वाहकांनाही मुलं होतात ही बाब आमच्या एकाही पाहणीत नोंदली गेली नव्हती. बुधवारी पाच मुलं झाली. शुक्रवारी आठ. पुढच्या आठवड्याच्या अखेरीस अकरा. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाल्कनीचं दार धोक्याचं होतं, म्हणून हिने माझ्याजवळच्या मार्गदर्शिकेच्या चाळीस प्रती रचून दाराशी भिंत उभी केली. पुठ्ठ्याची बांधणी असल्यामुळे ती मजबूत झाली. मुलांच्या सुरक्षिततेत मार्गदर्शिकेचं योगदान यापूर्वी कुणी दाखवून दिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मंगळवारी एक गोष्ट घडली, ती कामकाजाचा भाग नाही, पण लिहितो. मी ऑफिसला निघालो होतो, बूट घातले होते. हिने ट्रंकला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, एवढं बाटली भरेपर्यंत धरा. मी बसलो. त्याने माझ्या छातीवर डोकं टेकलं, शर्टाचं बटण मुठीत धरलं आणि झोपला. झोपलेलं मूल छातीवरून कसं उतरवायचं, याचं प्रशिक्षण आम्ही दिलेलं नव्हतं. (विषय बैठकीच्या पत्रिकेवर दोनदा येऊन गेला होता.) मी पावणेदोन तास हललो नाही. 'तातडीची मदत' या विषयावरची बैठक बुडाली. माझा हात बधिर झाला, शर्ट ओला झाला, आणि हे कुणी थांबवू नये असं मला वाटू लागलं.

मी हिला हळूच विचारलं, आपली दोघं अशीच झोपायची का.

"अगदी अशीच," ही म्हणाली. "तुमच्याकडे पाठवलीही असती. पण तुमच्या ऑफिसात लहान मुलांना प्रवेश नव्हता."

ती हे टोचून म्हणाली नाही. बाटली हलवत हलवत म्हणाली आणि आत गेली. मी ट्रंकच्या डोक्याचा वास घेत तसाच बसून राहिलो. आमची मुलं एवढी होती तेव्हा मी 'बालसंगोपनात पित्याची भूमिका' या विषयावरच्या निवासी शिबिरांना होतो. सलग चार वर्षं. मानचिन्हं अजून कपाटात आहेत.

तरीही मी सचोटीचा कर्मचारी असल्यामुळे बुधवारी ऑफिसात जाऊन चुकीचा अहवाल तीन प्रतींत सादर केला. केंद्रात खळबळ उडाली. आमच्या नावावर कुठेतरी मुलं सांभाळली जात आहेत, हे ऐकून मोठ्या साहेबांनी पाण्याचा ग्लास मागवला. दुसऱ्याच दिवशी चार जणांचं पथक माझ्या घरी पाहणीला आलं : स्वतः मोठे साहेब, टेप घेतलेला मोजणीदार, आरोग्य-निरीक्षक बाई आणि टिपणं घेणारी लघुलेखिका.

पाहणी सकाळी अकराला नियमानुसार सुरू झाली. प्रत्येक मुलामागे सव्वादोन चौरस मीटर जमीन हवी, म्हणून मोजणीदाराने टेप ओढली. टेपचं दुसरं टोक लोकलने धरलं. मोजणीदार म्हणाला, सोड बाळा. लोकलने टोक तोंडात घातलं. मोजणीदार ते काढायला वाकला, तेव्हा मागून दोन जण त्याच्या पाठीवर चढले, कारण वाकलेला माणूस कशासाठी वाकतो याबद्दल मुलांची समजूत स्पष्ट असते. तो सव्वाबारापर्यंत चार पायांवरच होता. जमिनीचं माप त्याने नंतर अंदाजाने दिलं.

आरोग्य-निरीक्षक बाईंनी पाण्याचं भांडं तपासायला घेतलं. एवढ्यात एका वाहकाची मुलगी त्यांच्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, मला केस विंचरून पाहिजेत. बाई म्हणाल्या, मी कामावर आहे. मुलगी म्हणाली, माझी आई पण. बाईंनी कंगवा मागितला. त्यानंतर त्यांच्यापुढे रांग लागली, आणि केंद्राच्या कुठल्याही खिडकीपुढे मी इतकी शिस्तीची रांग पाहिलेली नाही.

लघुलेखिकेच्या कडेवर हिने ट्रंकला दिलं, कारण तिचा एक हात मोकळा दिसत होता. मग दुसरा हातही लागला.

राहिले मोठे साहेब. ते दाराशी उभे राहून परिस्थितीचं अवलोकन करत होते. अवलोकन करणारा माणूस हिला नेहमीच रिकामा वाटत आला आहे. तिने लोकलला त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि सांगितलं, फिरत राहा, थांबलात की वाजेल. साहेब थांबले. लोकल वाजला. साहेब फिरू लागले. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर. फिरता फिरता त्यांनी निरीक्षणं सांगायला सुरुवात केली : एक, सदर ठिकाणी प्रमाणपत्रधारक व्यक्ती आढळून आली नाही. दोन, सदर ठिकाणी. तीन. पण लिहून घ्यायला कुणाचाच हात मोकळा नव्हता, आणि सूर लागला की लोकल शांत राहतो हे ध्यानात आल्यावर साहेबांनी नियमावली पहिल्या कलमापासून चालीत म्हणायला घेतली. सहाव्या कलमाला तो झोपला. पुढची चौदा कलमं साहेबांनी स्वतःसाठी म्हटली असावीत.

या सगळ्यात मला स्पष्ट आठवतं ते हसू. आधी आरोग्य-निरीक्षक बाईंना आलं, मग लघुलेखिकेला. मोजणीदार टेबलाखालून हसत होता. केंद्रातल्या माणसांना मी सव्वीस वर्षं ओळखत होतो, पण त्यांचे दात मी त्या दिवशी पाहिले.

अडीचला बसवाली आली, खाकी शर्ट, बाहीला तेलाचा डाग, चेहरा वाऱ्याने रापलेला. सोबत नवराही होता, त्या दिवशी लवकर मोकळा झालेला. साहेबांना तिने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. (भेटीसाठी दिलेले तिचे दोन्ही अर्ज अपूर्ण होते.) तिने त्यांच्या खांद्यावरून लोकलला अलगद उचललं, त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाली,

"उद्या पण याल ना, काका? याला तुमची सवय झालीये."

साहेबांनी खिशातली डायरी काढून उद्याचं पान बघितलं. त्यांच्या कोटावर खांद्यापाशी दुधाचा एक ओघळ होता, तो त्यांनी पुसला नाही. बसवालीने बाहेर पडताना हिला सांगितलं की आज चौदा नंबर एकाही थांब्यावर उशिरा पोहोचली नाही. हे तिने तीनदा सांगितलं, तेव्हा नवऱ्याने ट्रंकला घेतलं आणि जिना उतरू लागला.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. तो मी अनेकदा वाचला आहे आणि तर्कशुद्ध लिखाणाचा नमुना म्हणून त्याकडे बोट दाखवतो. मुलं आनंदी आढळली. पालक कामावर वेळेवर आढळले. परंतु जमीन अपुरी, हात धुण्याचं बेसिन नियमापेक्षा अकरा सेंटिमीटर उंच, आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे बालसहवासाचं प्रमाणपत्र नाही. (प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायला तीन वर्षांचा अनुभव लागतो. अनुभव प्रमाणपत्राशिवाय ग्राह्य धरत नाहीत.) सबब नियमांच्या दृष्टीने अशी कोणतीही सेवा अस्तित्वात नाही. सेवा बंद करण्याचा हुकूम काढावा असं अहवालावरच्या बैठकीत एका सदस्याने सुचवलं, तेव्हा साहेबांनी प्रथमच टेबलावर हात आपटला आणि विचारलं की जी गोष्ट अस्तित्वात नाही ती बंद कशी करणार. सदस्याने सूचना मागे घेतली. त्यामुळे ती चालू आहे.

मला चुकीबद्दल मुदतीआधी निवृत्त करण्यात आलं. निरोप समारंभ झाला, फुलं दिली. दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना मी दार उघडायला उभा होतो. आता मला झोपलेलं मूल छातीवरून उतरवता येतं. आधी पाय, मग पाठ, डोकं सर्वांत शेवटी आणि श्वास रोखून. रविवारी धाकट्या मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, बाबा, हे तुम्ही मला का सांगताय. मग कागद-पेन घेऊन आला आणि म्हणाला, पुन्हा एकदा सांगा, आम्हाला मार्चमध्ये मूल होणार आहे. सकाळी अकरा दहाला चौदा नंबर आमच्या रस्त्यावरून जाते, दोनदा हॉर्न देते आणि अकरा मुलं खिडकीशी धावतात. दर गुरुवारी दुपारी साहेब पाहणीला येतात. पाहणी लोकल झोपेपर्यंत चालते.

आमच्याकडे आता बाराव्यालाही जागा नाही, हे मात्र खरं. दोन खोल्या आहेत, हात चार आहेत.

केंद्राने मात्र चूक दुरुस्त करण्यात दिरंगाई केली नाही. सर्व प्रतींना जोडायला शुद्धिपत्र छापायचं ठरलं. तीनशे बाराव्या नोंदीपुढे कोणता नंबर द्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि छापखाना खोळंबला होता, तेव्हा माझ्या जागी आलेल्या लेखनिकाने अंदाजाने आकडे भरून दिले. तो नंबर कुणाचा, हे केंद्राला माहीत नव्हतं. मला नंतर कळलं.

तो तुमचा आहे. मागच्या मंगळवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला तुम्हाला एका अनोळखी बाईचा फोन आला, आठवत असेल. मागे मूल रडत होतं, ती भराभर काहीतरी सांगत होती, आणि तुम्ही तिला मध्येच थांबवून 'राँग नंबर' म्हणालात. तुमची नेमणूक योग्यच झाली आहे. बसवालीला तेच सांगायला बाकीच्या तीनशे अकरा संस्थांना अकरा दिवस लागले होते. तुम्ही ते दोन शब्दांत उरकलंत.